गाडी पुढे, जीव मागे: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की घर बंद करून पोराबाळांसकट गाडीतच राहायला निघालेल्या कुटुंबांना सगळ्यात जड काय जातं. मला वाटलं होतं पाणी, पार्किंग, टॉयलेटची टाकी असलं काहीतरी येईल. टाकीचा विषय एकाच गृहस्थांनी काढलाय (पुढच्या अंकात घेते, नक्की), बाकी सगळ्यांचं रडगाणं एकच, घरच्यांची आठवण. त्यातली काही पत्रं इथे घेतलीत, नावगाव काढून. एक पत्र मागे राहिलेल्या आजींचं आहे, ते गाडीतल्या मंडळींनी जरूर वाचा.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं कॅम्परव्हॅनमध्ये राहतो, मोठी सहा वर्षांची आणि धाकटा अडीचचा. रोज रात्री झोपायच्या आधी आजीला व्हिडिओ कॉल करतो आणि कॉल ठेवला रे ठेवला की मोठी हमसून हमसून रडते, मला आजीकडे जायचंय म्हणून. नवरा म्हणतो कॉलच कमी करूया, दिसली नाही तर आठवणही येणार नाही. मला ते पटत नाही पण रोजचं रडणंही बघवत नाही. काय करू?

उत्तर: कॉल कमी करू नका, कॉलची वेळ बदला. दिवसभर पोरांचे हातपाय आणि डोकं कशात तरी गुंतलेलं असतं, रात्री सगळं शांत झालं की आत दाबून ठेवलेलं वर येतं. मोठ्यांचंही तेच होतं, आपण फक्त तेव्हा मोबाइल घेऊन बसतो त्यामुळे कळत नाही. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही दमलेल्या पोरीला आजी दाखवता, लाल बटण दाबता आणि म्हणता चला आता झोपा. रडेल नाहीतर काय करेल ती. कॉल सकाळी करा किंवा दुपारी करा, फोन ठेवल्यावर लगेच बाहेर पडायचंय, पाणी भरायचंय, काहीतरी करायचंय अशा वेळेला. चार-पाच दिवस बघा, फरक जाणवेल.

दुसरं म्हणजे कॉलवर काय चालतं तेही बघा. बहुतेक घरांत "आजीला हाय कर, आजीला कविता म्हणून दाखव, आज काय काय बघितलं सांग" असं चालू असतं, म्हणजे पोरगी फोनसमोर तोंडी परीक्षेला उभी. घरी असताना आजी-नात काय अशा समोरासमोर बसून मुलाखत द्यायच्या का? एकीचं एक चालू असायचं, दुसरीचं दुसरं, मधेच काहीतरी बोलणं. तसंच फोनवर करा. फोन कशाला तरी टेकवून ठेवा, ही चित्र काढतेय, तिकडे आजी कपड्यांच्या घड्या घालतेय, दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही तरी चालेल. एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक आजीकडे आणि एक गाडीत, तर अजून भारी. आजी वाचते, ही पान उलटते, आणि पुढचं पान उद्या. उद्याचं काहीतरी ठरलेलं असलं की फोन ठेवणं सोपं जातं.

क्रिस्टोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांचा २००७ मध्ये पीडिअ‍ॅट्रिक्स या वैद्यकीय जर्नलमध्ये याच विषयावर एक लेख आला होता. तो मुख्यतः कॅम्पला किंवा हॉस्टेलला, म्हणजे आईबापापासून लांब गेलेल्या मुलांबद्दल आहे, तुमची लेक तर तुमच्या कुशीत आहे, पण त्यातली एक गोष्ट तुम्हालाही तंतोतंत लागू पडते. "नाही आवडलं तर लगेच परत नेईन हं" असा वायदा मुलाला करू नका असं ते सांगतात. आपण बोलतो धीर द्यायला, पण मुलाच्या डोक्यात परतीचा दरवाजा कायम उघडा राहतो आणि मग नवीन जागेत रमायचा प्रयत्नच होत नाही. त्यापेक्षा खरी तारीख ठरली असेल तर ती सांगा, ठरली नसेल तर अजून ठरलं नाही म्हणून सांगा. सहा वर्षांच्या मुलीला "दोन महिन्यांनी" म्हणजे किती हे कळत नाही, तिला कागदी पट्ट्यांची साखळी करून द्या, रोज एक कडी तोडायची. अडीच वर्षांच्या धाकट्याला त्यातलं काहीच कळणार नाही, तो साखळी खाईल. त्याच्या स्क्रीनटाइमची काळजी मात्र करू नका, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने तर दीड वर्षाखालच्या बाळांनाही स्क्रीन टाळा म्हणताना घरच्यांशी व्हिडिओ कॉलला सूट दिलीय.

आणि रडू द्या हो तिला. "अगं बघ ना बाहेर केवढा छान समुद्र आहे आणि तू रडतेस" हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय. त्यातून पोरीला एवढंच कळतं की इथे रडणं म्हणजे आईबाबांचा मूड घालवणं. त्याऐवजी मलाही येते गं आठवण म्हणा आणि जवळ घ्या, पाच मिनिटांत उठून खेळायला जाईल.

प्रश्न: माझा प्रॉब्लेम टेक्निकल आहे म्हणा ना. आईला फोन केला की दोघं एकदम बोलतो, मग दोघं एकदम गप्प, मग ती म्हणते तू मला बोलूच देत नाहीस. तिला अर्धं ऐकूच येत नाही, मी ओरडतो, ती म्हणते चिडतोस कशाला. शिवाय आम्ही फिरत असल्यामुळे वेळेचा कायम घोळ, गेल्या महिन्यात ती एक तास फोन घेऊन बसून राहिली.

उत्तर: यातलं निम्मं भांडण मशीनचं आहे, तुम्ही दोघं उगाच अंगावर घेताय.

नेटवर्क नसलेल्या ठिकाणी तुम्ही जुन्या पद्धतीचं सॅटेलाइट इंटरनेट वापरत असाल तर तो उपग्रह जवळपास ३५,७८६ किलोमीटर वर असतो. तुमचा शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि आईचं उत्तर तसंच परत यायला अजून पाव सेकंद. अर्धा सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण बोलताना माणूस तेवढी गॅप पडली की समोरचं बोलणं संपलं असं धरून सुरू होतो आणि झाली टक्कर. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, तिथे हा प्रकार फारसा जाणवत नाही. मोबाइल नेटवर्क कमजोर असेल तरी असाच उशीर होतो, तेव्हा सरळ व्हिडिओ बंद करा, नुसत्या आवाजाला डेटा फारच कमी लागतो. आणि आपलं वाक्य संपलं की मनात एक-दोन म्हणून थांबा, आईला आधी बोलू द्या. सुरुवातीला बावळटासारखं वाटतं, मग सवय होते.

ऐकू न येण्याचं म्हणाल तर वय झालं की कानाला आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ असली अक्षरं तिथेच असतात, त्यामुळे आवाज तर येतोय पण शब्द कळत नाही अशी गत होते, आणि लहान मुलांचे बारीक आवाज सगळ्यात आधी जातात. ओरडून उपयोग नसतो. सावकाश बोला, आणि मुख्य म्हणजे तोंड दिसू द्या, कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात. आता आठवा तुम्ही कॉलला कुठे बसता. गाडीत पाठीमागे मोठी खिडकी, त्यातून झगझगीत उजेड, आणि आईला स्क्रीनवर तुमच्या डोक्याच्या आकाराचा एक काळा गोळा दिसतोय. तोंड खिडकीकडे करून बसा, फुकटात अर्धा प्रश्न सुटेल.

वेळेबद्दल एकच नियम, कॉल घरच्या घड्याळाने ठरवायचा. आईच्या घड्याळात अमुक वाजता, बस्स, हिशोब तुम्ही करायचा. ती एक तास बसली ना, माझा अंदाज आहे घड्याळ बदलण्याच्या आठवड्यातलं असणार. युरोपातल्या बहुतेक देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात, अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागात तेच मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं, म्हणजे मधले काही आठवडे त्या दोघांमधलंही अंतर बदललेलं असतं. न्यूझीलंडमध्ये सगळं उलट, कारण तिथला उन्हाळाच उलट. आशिया आणि आफ्रिकेतले बहुतेक देश घड्याळाला हातच लावत नाहीत. हे आईने लक्षात ठेवायचं का? नाही ना.

प्रश्न: आमचा कुत्रा आजोबांकडे ठेवलाय. त्याला फोनवर हाक मारली तर चालेल का? मुलं मागे लागलीत.

उत्तर: एकदा करून बघा आणि आजोबांना विचारा नंतर तो कसा होता. काही कुत्री फोनकडे ढुंकूनही बघत नाहीत, काही मात्र आवाज ऐकून दारापाशी जाऊन बसतात आणि हलत नाहीत. तुमचा दुसऱ्या प्रकारातला निघाला तर मुलांची हौस आजोबांनी पाठवलेल्या त्याच्या व्हिडिओवर भागवा.

प्रश्न: मी तुमच्या मासिकाची जुनी वाचक. मुलगा-सून दोन्ही नातवंडांना घेऊन गाडीतून फिरतायत, कौतुक आहे मला, आमच्या वेळी असलं धाडस सुचलंही नसतं. फोन रोज येतो. आज हा डोंगर, उद्या तो किल्ला, परवा कुठलंसं तळं. मी वा वा म्हणते. मध्यंतरी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मी त्यांना सांगितलंच नाही, उगीच माघारी फिरतील म्हणून. शेजारीण घेऊन गेली. पण हल्ली वाटतं की त्यांच्या सिनेमाची मी नुसती प्रेक्षक झालेय. हे बोलून दाखवलं तर त्यांना वाईट वाटेल. काय करावं?

उत्तर: काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि खरं सांगू का, मला तुमच्या मुलाचा थोडा रागच आला. तो वाईट आहे म्हणून मुळीच नाही, रोज फोन करणारा मुलगा वाईट कसा असेल. पण रोज फोन करून आईचं ऑपरेशन झालेलं कळत नसेल तर त्या फोनवर एकच बाजू बोलतेय. डोळ्यात थेंब दिवसातून किती वेळा घालायचे, ते कोण बघत होतं, वाकू नका म्हटलं होतं तर केर कोण काढत होतं, यातलं काहीच त्याला माहीत नाही आणि ते तळं मात्र तुम्ही तीन बाजूंनी बघितलंय.

ऑपरेशन लपवलंत ते मायेने, कळतंय मला. पण लपवण्याचं एक वाईट असतं, ते कधीतरी बाहेर येतंच, शेजारीणच सहज बोलून जाईल, आणि त्यानंतर तुम्ही "मी बरी आहे" म्हणालात की त्याला ते कधीच पूर्ण खरं वाटणार नाही. मग दुसऱ्या खंडात बसून तो भलभलत्या शंका काढत राहणार. आणि काकू, ते लोकही तुमच्यापासून लपवतात बरं का. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये होती, सून तापाने पडली होती, नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं (एवढ्याशा जागेत वाजतंच), यातलं काही सांगितलं असेल तर मला कळवा. दोन्हीकडून फक्त चांगलंच सांगायचं ठरलं की बोलायला डोंगर आणि तळीच उरतात.

तेव्हा सांगून टाका. आज उद्या फोन आला की म्हणा, मला तुला एक सांगायचंय, ऑपरेशन झालंय, छान झालंय, तू परत यायची काही गरज नाही, पण यापुढे मी सांगत जाईन आणि तू विचारत जा. हे शेवटचं न विसरता म्हणा. त्याला वाईट वाटेल, वाटू दे थोडं, त्याने काही बिघडत नाही. आणि त्यांच्या प्रवासात एखादं काम तुमच्या हातात घ्या. एका नातवंडाचे पाढे तुमच्याकडे, किंवा पुढचा मुक्काम तुम्ही नकाशात बघून निवडायचा, महिन्यातून एकदा का होईना. गंमत म्हणून सांगत नाहीये, आजीने निवडलेल्या गावात पोरं उतरली की तिथलं सगळं आजीला सांगायलाच लागतं आणि आजीलाही जाब विचारता येतो.

आता हे वाचणाऱ्या गाडीवाल्यांना दोन शब्द. घर सोडायचा निर्णय तुमचा होता, मागे राहायचा निर्णय कोणी त्यांना विचारून घेतला नव्हता, त्यामुळे फोन करण्याची, विचारण्याची, लक्षात ठेवण्याची जबाबदारी तुमची जास्त. "कशी आहेस" हा प्रश्न नाहीये, त्याचं उत्तर सगळ्या आया एकच देतात. काल दुपारी काय केलंस, कोण आलं होतं, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, असं विचारा. कॅमेरा डोंगराकडे फिरवायच्या आधी आईला म्हणा, तू तुझा फोन फिरव आणि मला गॅलरीतल्या कुंड्या दाखव. आणि शेजारणीचा नंबर आजच्या आज सेव्ह करून घ्या, तिला एक थँक्यूचा फोनही करा.

प्रश्न: बाबांना हार्टचा त्रास आहे. आम्ही आमचीच गाडी घेऊन देश ओलांडत फिरतोय. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. तशी वेळ आली तर काय, हा विचारच नको वाटतो, पण काही तयारी करून ठेवता येते का?

उत्तर: येते, आणि तयारी झाली की धस्स होणंही कमी होतं असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात आधी बाबांशी बोला, अवघड असलं तरी. काय झालं तर मी लगेच निघावं असं तुम्हाला वाटतं आणि काय झालं तर वाट बघितली तरी चालेल, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. कित्येकदा म्हातारी माणसं आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट असतात. मग घरच्यांपैकी एकच माणूस ठरवा जो खबर देईल, आणि त्याच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावा. बाकी कोणाचाही रात्रीचा फोन म्हणजे चुकीच्या वेळेचा हिशोब, झोपून जायचं.

मग कागदपत्रं. पासपोर्ट सगळ्यांचे बघा, बरेच देश किमान सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत आणि घाईच्या तिकिटात मधला थांबा कुठे येईल सांगता येत नाही. एकच पालक मुलांना घेऊन उडणार असेल तर दुसऱ्या पालकाचं सही केलेलं, शक्यतो नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असावं, काही देशांच्या बॉर्डरवर ते मागतात.

आणि गाडी! याचा विचार लोक करतच नाहीत. दुसऱ्या देशात आपली गाडी नेली की ती तात्पुरती आयात समजली जाते, काही ठिकाणी तशी नोंद थेट चालकाच्या पासपोर्टवर करतात आणि मग कस्टम्सला न कळवता गाडीशिवाय देश सोडायला गेलात की विमानतळावरच अडवतात. ज्या देशांत कार्ने द पासाज हा कागद (गाडी परत बाहेर नेऊ अशी कस्टम्सला दिलेली हमी) लागतो तिथे त्याची मुदत साधारण वर्षाची असते, तुम्ही घरी अडकलात म्हणून ती थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या देशात शिरलात की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शोधून ठेवा, जवळचा इंटरनॅशनल विमानतळ, गाडी महिनाभर ठेवता येईल अशी सुरक्षित जागा, आणि गाडी सोडून जायचं असेल तर कस्टम्सकडे काय करावं लागतं. युरोपातल्या शेंगेन भागात (एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) असाल तर अजून एक. तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तुम्ही घरी गेलेले दिवस त्यात धरत नाहीत, पण आधी राहिलेले दिवस त्यामुळे पुसलेही जात नाहीत, परत येताना मागचे १८० दिवस मोजूनच या.

सगळ्यांच्या तिकिटांचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि त्यांना हात लावू नका, टायर फुटला तरी. आणि एवढं करूनही कधी वेळेवर पोचता आलं नाही तर तो दोष स्वतःवर घेऊ नका. शेजारच्या शहरात राहणाऱ्यांनाही नेहमी पोचता येतं असं नाही. बाबांशी या आठवड्यात मनमोकळं बोलणं झालं असेल तर ते हिशोबात धरा.

प्रश्न: माझ्या आईला पत्रं लिहायला फार आवडतं, पण आमचा पत्ताच नाही तर ती पाठवणार कुठे?

उत्तर: पोस्टात! बऱ्याच देशांत पोस्ट रेस्टांट म्हणून सोय असते, अमेरिका आणि कॅनडात तिलाच जनरल डिलिव्हरी म्हणतात. पाकिटावर तुमचं नाव, खाली हे शब्द, मग त्या पोस्ट ऑफिसचं आणि गावाचं नाव, पिनकोड आणि देश, आणि हे सगळं आईने रोमन लिपीतच लिहायचं, अक्षर कितीही सुंदर असलं तरी. पत्र तिथे पडून राहतं आणि तुम्ही पासपोर्ट दाखवून घ्यायचं. किती दिवस ठेवतात ते देशावर आहे, साधारण दोन आठवडे ते महिना, नंतर परत पाठवून देतात, म्हणून तुम्ही पोचायच्या बेताने टाकायला सांगा आणि त्या ऑफिसात ही सोय आहे ना तेही आधी विचारा. आडनाव मोठ्या अक्षरात लिहायला सांगा. तरीही काउंटरवरचा माणूस काहीच आलं नाही म्हणाला तर लगेच निघू नका, तुमच्या पहिल्या नावाच्या अक्षराखाली बघायला सांगा, आपली नावं त्यांना उलटसुलट वाटतात आणि पत्र बरेचदा तिथेच असतं.